कोचना ईमेल नंतर, आधी शाळेचे कोर्स तपासा

तुमचा मुलगा नववीत आहे, टेनिस चांगलं खेळतो, प्रॅक्टिसला वेळ मिळावा म्हणून त्याला ऑनलाइन शाळेत घालायचं चाललंय आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघात घेतील म्हणून तिथल्या कोचना कधी गाठायचं, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ‘ऑनलाइन शाळा’ वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या लेकीचं गाडं तिथेच अडलं होतं.

व्हिडिओ, यूटीआर (टेनिसपटूचं रेटिंग), ईमेलचा मजकूर यावर ढिगाने माहिती मिळेल, त्यात शिरत नाही. तारखेचं एवढंच सांगते: कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए, तिच्या तीन गटांतला सगळ्यात वरचा डिव्हिजन वन. टेनिसमध्ये डिव्हिजन वनच्या कोचला दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे संघात घेण्याबद्दल, बोलता येत नाही. म्हणून नववीतल्या ईमेलला नुसतं कॅम्पचं पत्रक किंवा फॉर्म आला, तर हिरमुसू नका. डिव्हिजन थ्रीचे कोच आधीही उत्तर देऊ शकतात.

नववीत करायचं काम वेगळंच आहे. आमच्या ऑनलाइन शाळेच्या ऑफिसचं एकच पालुपद होतं: ‘आम्ही अ‍ॅक्रेडिटेड आहोत, काळजी नको.’ (म्हणजे शाळा म्हणून मान्यता आहे.) एनसीएएचं नाव काढलं तरी तेच, लेखी द्या म्हटलं तरी तेच. अहो, अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं आणि एनसीएएची मान्यता वेगळी! एनसीएए एकेक कोर्स बघते. शिकवणारा शिक्षक मुलांच्या नियमित संपर्कात आहे का, कोर्सला ठरावीक मुदत आहे का, हे तपासते. स्वतःच्या सोयीने पटापट क्लिक करत संपवायचे कोर्स तिथे टिकत नाहीत. लेकीचे नववी-दहावीचे इंग्रजी, गणित, बायॉलॉजी सगळे बाद झाले. कॉलेज प्रवेशाला ते चालत होते, म्हणून तोवर कुणाला शंकाही आली नाही.

डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे १६ कोअर कोर्स, म्हणजे एनसीएए धरते ते मुख्य विषयांचे कोर्स, लागतात. त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत व्हावे लागतात, आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. लेक अकरावीत पब्लिक स्कूलला (सरकारी शाळेत) परतली, पण एका वर्षात दहाचा आकडा कुठून गाठणार? उरलेले बारावीत भरून काढले तरी पहिल्या वर्षी सराव करायचा, सामने खेळायचे नाहीत, अशी गत. आधी स्वतःहून फोन करणारा कोच गप्प झाला. त्याला दोष देत नाही, त्याला खेळणारी मुलगी हवी होती. ऑफिसने मात्र ‘हे तुम्ही एनसीएएशीच बोला’ म्हणून हात झटकले. फीच्या आठवणीने अजून चटका बसतो, असो.

तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या (मुलांची पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या) साइटवर शाळेनुसार मान्य कोर्सची यादी असते, ती पैसे भरण्याआधी बघा. कोर्सचं नाव ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) आणि यादीत सारखंच हवं. यादीत नसेल तर ऑफिसने कितीही गोड बोलू दे, ऐकू नका. मी काही सल्लागार नाही आणि नियम सारखे बदलतात, त्यामुळे माझ्याही शब्दावर जाऊ नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. हजारो डॉलर घेऊन कॉलेजच्या संघात ‘प्लेसमेंट’ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. कोचला मुलाचा स्वतःचा ईमेल हवा असतो, एजन्सीचा साचा नव्हे. आणि डिव्हिजन थ्रीला नाक मुरडू नका. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते हे खरं, पण मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. लेक तिथेच चारही वर्षं खेळली. पुण्याच्या आत्याला ‘स्कॉलरशिप कितीची?’ याचं उत्तर देता देता मात्र नाकी नऊ आले.

जाता जाता: आठवीत अल्जेब्रा वन झालं असेल, तर ते हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह चढवून घ्या. तसं असेल तर तेही कोअरमध्ये धरलं जाऊ शकतं.