मेलबर्नमध्ये पहिले भाड्याचे घर कोणत्या उपनगरात घ्यावे: वाकडहून निघालेल्या एका कुटुंबाला उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही दोघे आणि सहा वर्षांची मुलगी सध्या वाकडला राहता, ऑस्ट्रेलियाचा १९० प्रकारचा कायमस्वरूपी व्हिसा हाती आला आहे, नोकरी मेलबर्नमध्ये ठरली असून कार्यालय सदर्न क्रॉस स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तुमच्या पत्नी तिथे पोहोचल्यावर नोकरी शोधणार आहेत. ओळखीच्या सगळ्यांनी टार्निट या पश्चिमेकडच्या लांबच्या उपनगराचेच नाव घेतल्यामुळे तिथले चार बेडरूमचे घर पुण्यात बसूनच पक्के करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळची कर्वेनगरची. मेलबर्नच्या पश्चिम भागात अनेक वर्षे भाड्याच्या घरांत राहिले आहे. माझे मत असे की पुण्यातून काहीही पक्के करू नये, आणि टार्निटविषयी माझी तक्रार नसली तरी पहिल्या वर्षी तुमच्यासारख्या कुटुंबाला स्थानकापासून पायी गाठता येईल असे लहान घरच शेवटी स्वस्त पडते.

सुरुवात हिशेबापासून करू. तिकडे भाडे आठवड्याचे सांगतात, आणि पुण्याहून गेलेला माणूस सवयीने त्याला चाराने गुणतो. प्रत्यक्षात आठवड्याच्या भाड्याला सातने भागून, ३६५ ने गुणून, बाराने भागले की महिन्याचे भाडे निघते. समजा दूरच्या नव्या वसाहतीतले घर आठवड्याला ४९० डॉलरला आहे आणि स्थानकाजवळचे ५६० डॉलरला. तर पहिल्याचे महिन्याचे भाडे सुमारे २,१२९ डॉलर आणि दुसऱ्याचे सुमारे २,४३३ डॉलर होते, म्हणजे वर्षाचा फरक ३,६५० डॉलरचा. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण दूरच्या घरासाठी दुसरी गाडी घ्यावी लागली तर तिची वार्षिक नोंदणीच ९०० डॉलरच्या वर जाते, विम्याला निदान तेवढे लागतात, आणि पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर आणि मुळात गाडीची किंमत हे सगळे मोजायचे अजून राहिलेलेच असते. एका गाडीत भागत असेल तरच दूरचे घर स्वस्त, असे मी धरून चालते.

रेल्वेच्या भाड्याचे गणित मात्र आपल्या अंदाजाच्या उलट आहे. मेलबर्नमध्ये मायकी नावाचे कार्ड चालते, आणि महानगराच्या हद्दीत कितीही लांबून आलात तरी दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. २०२६ च्या सुरुवातीला ती ११ डॉलरच्या आसपास होती. जवळच्या फुट्सक्रेहून येणारा आणि लांबच्या वेरिबीहून येणारा, दोघांनाही दिवसाचे तेवढेच पडतात. अंतराची किंमत पैशात द्यावी लागत नाही, ती वेळात द्यावी लागते. आणि वाकडहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला ती कशी असते हे मी सांगायला नको. २०२६ च्या जानेवारीपासून व्हिक्टोरिया राज्यात १८ वर्षांखालील मुलांना सार्वजनिक वाहतूक मोफत झाली आहे, तेव्हा मुलीचा खर्च हिशेबात धरू नका.

आता टार्निट. २०१५ मध्ये नवा रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा तिथे स्थानक आले, आणि जीलाँग शहराकडच्या व्ही-लाइन (राज्याची प्रादेशिक रेल्वेसेवा) गाड्या तिथून थेट सदर्न क्रॉसला येतात. प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे. कागदावर हे तुमच्यासाठी उत्तमच आहे. अडचण अशी की या डिझेलच्या प्रादेशिक गाड्या आहेत आणि आसपासची वस्ती त्यांच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे गेली आहे. सकाळी उभ्याने जावे लागते आणि स्थानकाचे वाहनतळ लवकर भरते. घर स्थानकापासून पायी अंतरावर असेल तर हे सोसता येते. परंतु जाहिरातीत ‘टार्निट’ असे लिहिलेले घर पुष्कळदा स्थानकापासून चार-पाच किलोमीटर लांब, नुकत्याच आखलेल्या वसाहतीत असते आणि तिथून स्थानकावर जायला बस किंवा गाडी लागतेच. शेजारच्या ट्रुगनिनाला आणि पॉइंट कुकला तर स्वतःचे रेल्वे स्थानकच नाही. तुम्ही सकाळी गाडी घेऊन स्थानकावर गेलात की तुमच्या पत्नीच्या हाती दिवसभर बसवर अवलंबून राहण्याखेरीज काही उरत नाही, आणि नोकरी शोधणाऱ्या, मुलाखतींना जाणाऱ्या माणसासाठी ही मोठी अडचण आहे. सुचवणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे दोन गाड्या असतात; ते चुकीचे सांगत नाहीत, फक्त आपल्या घराच्या हिशेबाने सांगतात.

टार्निटच्या बाजूनेही बोलले पाहिजे. भारतीय किराणा, शेजारी दोन-तीन मराठी घरे, मुलांना खेळायला सोबत, गणपतीत आरतीला बोलावणे या गोष्टींचे मोल पहिल्या हिवाळ्यात कळते. मात्र यासाठी तिथेच राहिले पाहिजे असे नाही. हॉपर्स क्रॉसिंग किंवा वेरिबीहून टार्निट गाडीने जवळ आहे, आणि आठवड्याच्या सामानाला शनिवारी जाता येते.

तुमच्या जागी मी असते तर आधी वेरिबीच्या विद्युत मार्गावरची उपनगरे पाहिली असती, कारण त्या गाड्या सदर्न क्रॉसला थेट येतात. लॅव्हर्टन आणि हॉपर्स क्रॉसिंग इथली घरे जुनी, बसकी, विटांची असतात. दिसायला साधी, पण स्थानकाच्या जवळ अशी घरे मिळतात आणि त्यांचे भाडेही आटोक्यात असते. विल्यम्स लँडिंग नवे आणि नीटनेटके आहे, म्हणून महागही. दुसरा पर्याय सनशाइन आणि वेस्ट फुट्सक्रे भागातल्या दोन बेडरूमच्या युनिटांचा. युनिट म्हणजे एकाच आवारातली तळमजल्यावरची पाच-सहा छोटी घरे, आपल्याकडच्या बैठ्या चाळीची सुधारलेली बहीण म्हणा. वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर भारतीय दुकाने आणि उपाहारगृहे भरपूर आहेत. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: २०२५ च्या नोव्हेंबरअखेर मेट्रो टनेल हा शहराखालचा नवा रेल्वे बोगदा सुरू झाला आणि २०२६ च्या फेब्रुवारीपासून सनबरी मार्गाच्या, म्हणजे ही दोन्ही उपनगरे ज्या मार्गावर आहेत त्याच्या, गाड्या त्या बोगद्यातून जाऊ लागल्या, त्यामुळे त्या आता सदर्न क्रॉसला जात नाहीत. वेस्ट फुट्सक्रेहून निघालात तर फुट्सक्रेला गाडी बदलावी लागेल. बदल सोपा आहे, पण जुनी माहिती सांगणारे पुष्कळ भेटतील.

आग्नेयेकडची डँडिनाँग, क्रॅनबर्न ही उपनगरे याच कारणाने तुमच्यासाठी बाजूला ठेवते. त्या गाड्याही बोगद्यातूनच जातात आणि अंतरही मोठे आहे. उत्तरेकडच्या क्रेगीबर्नहून थेट गाडी आहे आणि भारतीय वस्तीही आहे, पण स्थानकाजवळचे घर मिळाले तरच तिकडे वळा.

मुलीच्या शाळेचा प्रश्न पत्त्याशी बांधलेला आहे. सरकारी शाळेला आपल्या हद्दीत राहणाऱ्या मुलाला प्रवेश द्यावाच लागतो, आणि पुरावा म्हणून भाडेकरार चालतो. राज्य सरकारच्या ‘फाइंड माय स्कूल’ या संकेतस्थळावर नेमका पत्ता टाकला की कोणती शाळा लागू होते ते दिसते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा लागू असू शकतात, म्हणून उपनगराचे नाव पाहून थांबू नका. घर पाहायला जाण्यापूर्वीच पत्ता टाकून बघा.

पुण्यातून घर पक्के करू नका असे म्हणण्याचे कारण फसवणुकीपुरते मर्यादित नाही. घर न दाखवता आगाऊ रक्कम मागणारे भामटे आहेतच, आणि अशांना एक डॉलरही पाठवू नये. पण प्रामाणिक एजंटचे घरसुद्धा छायाचित्रांवरून कळत नाही. आधी तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय करा आणि घरे स्वतः पाहा. पाहणीला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात आणि सोबत आणखी दहा-वीस जण असतात, त्यामुळे काय पाहायचे ते ठरवून जावे. दक्षिण गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून बैठकीची खोली उत्तरेकडे उघडणारी असेल तर दुपारी ऊन आत येते आणि दक्षिणेकडच्या खोल्या जूनपासून ऑगस्टपर्यंत गारठलेल्या राहतात. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी हे आधी पाहावे आणि मग बाकीचे. कायद्याने मुख्य खोलीत चालू स्थितीतला, कायम बसवलेला हीटर असलाच पाहिजे, पण बेडरूममध्ये तो असेलच असे नाही. नंतर स्वयंपाकघरात जा आणि शेगडीवरची चिमणी सुरू करायला सांगा. अनेक स्वस्त घरांत ती धूर बाहेर सोडत नाही, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडते. अशा घरात खिडक्या बंद ठेवून मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. ओट्याजवळ उघडणारी खिडकी असेल तर ते घर माझ्या लेखी दोन पायऱ्या वर चढते. फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, पलंग यातले बहुधा काहीही घरासोबत येत नाही, हेही खर्चात धरा. अंगणातले गवत कापणे बहुतेक भाडेकरूकडेच असते.

अर्जाच्या बाबतीत तुमची अडचण एवढीच की तिथला भाड्याचा पूर्वेतिहास तुमच्याकडे नाही. तो भरून काढणारे कागद पुण्यातूनच तयार करून न्या: नोकरीचे पत्र आणि पगाराचा आकडा, व्हिसा मंजुरीचे पत्र, बँकेची विवरणपत्रे, वाकडचे घर भाड्याचे असेल तर नोंदणीकृत करार आणि मालकाचे इंग्रजीतले पत्र, स्वतःचे असेल तर गृहकर्जाचे हप्ते आणि सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या पावत्या. भाडे उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत आहे का, हे एजंट पाहतात, म्हणून एकाच पगारावर अर्ज करताना चार बेडरूमचे स्वप्न तिथेच अडखळते. जाहिरातीतल्या रकमेपेक्षा जास्त भाडे मागणे बेकायदा आहे, तेव्हा चढाओढीची भाषा कोणी केली तर तिथून निघा. भाडेकरूला दलाली द्यावी लागत नाही. अनामत बहुतेक घरांसाठी एका महिन्याच्या भाड्याइतकीच असते आणि ती मालकाकडे राहत नाही. रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड ऑथॉरिटी या सरकारी संस्थेकडे जमा होते आणि तिची पावती तुमच्या नावाने येते. ही पावती आली नाही तर पाठपुरावा करा.

किल्ल्या मिळाल्यावर घराच्या स्थितीचा अहवाल भरून परत देण्यासाठी पाच कामाचे दिवस मिळतात. सामान लावण्याच्या गडबडीत हे काम मागे पडते, पण घर सोडताना अनामत परत मिळणे याच कागदावर अवलंबून असते. गालिच्यावरचा डाग, पडद्याची तुटलेली दोरी, ओव्हनच्या तळाचे जळकट, सगळ्याची छायाचित्रे काढून अहवालासोबत पाठवा. ओट्याचा पृष्ठभाग फिकट रंगाचा असेल तर तोही नीट पाहा. आधीच्या भाडेकरूच्या हळदीचे डाग तुमच्या नावावर लागायला वेळ लागत नाही, विशेषतः नाव आपल्यासारखे असेल तर.

गाडीविषयी एवढेच, की कायमस्वरूपी व्हिसावर तुम्हाला महाराष्ट्राच्या परवान्यावर पहिले सहा महिने चालवता येते. त्यानंतर तिथल्या परीक्षा द्याव्या लागतात. परवान्याची मुदत संपत आली असेल तर निघण्यापूर्वी आरटीओचे काम उरकून घ्या.

कधी जावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या हातात असेल तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचा. नाताळच्या सुट्टीत एजंटांची कार्यालये बंद किंवा अर्धवट चालू असतात, जानेवारीत पुन्हा घरे बाजारात येतात आणि शाळेचे वर्ष महिनाअखेरीस सुरू होते. त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांतच घर आणि शाळा दोन्ही ठरवता येतात, आणि मुलीला वर्गात मध्येच जाऊन बसावे लागत नाही.