पापुद्रे सुटणाऱ्या, लाल झालेल्या डोक्याला काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की सेबोऱ्हिक डर्मटायटिसचं (त्वचेला लाली, खाज आणि पापुद्रे आणणाऱ्या दुखण्याचं) निदान झालंय, किटोकोनॅझोल हा यीस्ट आटोक्यात ठेवणारा शाम्पू सुरू आहे, पण धुतल्यावर डोक्याची त्वचा ओढल्यासारखी होते. म्हणून खोबरेल तेल लावलं, तर दोन दिवसांत खाज दुप्पट. मी बारा वर्षं याच दुखण्याबरोबर राहतेय आणि पहिली दोन वर्षं हीच चूक करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पापुद्रे दिसले की त्वचा कोरडी पडली असं वाटतं आणि हात तेलाकडे जातो. पण कंगव्याच्या दातांत अडकलेला एखादा पापुद्रा बोटांत चुरडून बघा. बहुतेक वेळा तो पिवळसर आणि किंचित चिकट लागतो. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, असतं. त्याला स्वतःची फॅटी ॲसिड्स (तेलातले मूळ घटक) तयार करता येत नाहीत, म्हणून ते आपल्या त्वचेवरचं तेल फोडून खातं. त्यातून मागे उरणारं ओलेइक ॲसिड काहींच्या त्वचेला झोंबतं. मग लाली, खाज आणि पापुद्रे. फॅटी ॲसिड म्हणजे कार्बनची साखळी, आणि यीस्टला साधारण ११ ते २४ कार्बनच्या साखळ्या चालतात. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असतं, १२ कार्बनचं. ऑलिव्ह तेल तर बहुतांशी ओलेइकच. म्हणजे तुम्ही त्याला खाऊ घालत होतात.

मग काय लावायचं? मिनरल ऑइल आणि स्क्वालेन यांत यीस्टला खाण्यासारखं काही नाही. नाव बघून घ्या: स्क्वालेन (squalane) हवं, स्क्वालीन (squalene) नको. दुसरं हवेत लवकर खराब होतं. एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळ्यांचं तेल) हेही चालतं, पण त्यात फक्त कॅप्रिलिक आणि कॅप्रिक, म्हणजे ८ आणि १० कार्बनचीच ॲसिड्स हवीत. काही बाटल्यांत लॉरिकही असतं, ती परत ठेवून द्या. तेलकटपणाच नको असेल तर ग्लिसरीन किंवा ५ ते १० टक्के युरिया असलेलं पातळ लोशन घ्या. युरिया पाणी धरून ठेवतो आणि पापुद्रेही सैल करतो, पण खाजवून जखमा झाल्या असतील तर झोंबेल. त्या भरेपर्यंत थांबा.

लेबल वाचताना ओलेट, स्टिअरेट, पामिटेट, मायरिस्टेट असे शेवट असलेली नावं आणि पॉलिसॉर्बेट शोधा. यांतली फॅटी ॲसिड्सही यीस्टला खाता येतात. ही प्रत्येकाला बाधतीलच असं नाही, पण यादीत वरच्या जागी असतील तर मी ती वस्तू घेत नाही. शाम्पूत असली तर एवढी काळजी नको, तो धुऊन जातो. सुगंध मात्र कुठल्याही रूपात नकोच. ‘नैसर्गिक’ लिहिलेलं सुगंधी तेलही त्यातच आलं.

लावण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. धुऊन टॉवेलने टिपल्यावर, त्वचा दमट असतानाच, कंगव्याच्या टोकाने भांग पाडत जा आणि प्रत्येक भांगात स्क्वालेनचा एकेक थेंब बोटाने टेकवा. चोळायचं नाही. माझ्या अख्ख्या डोक्याला सहा-सात थेंब पुरतात. केसांना चमक आली म्हणजे जास्त झालं. खपल्या जाड असतील तर शाम्पूआधी तासभर मिनरल ऑइल लावून ठेवा, त्या मऊ होऊन सुटतात. नखाने उचकटू नका हो, तिथे रक्त येतं आणि आठवडाभर आग होते. नवीन काहीही आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा.

मॉइश्चरायझरने यीस्ट आटोक्यात येत नाही, ते काम शाम्पूचंच. तो ३ ते ५ मिनिटं ठेवून मग धुताय ना? लगेच धुतलात तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. आराम पडल्यावरही एक-दोन आठवड्यांतून एकदा तो वापरावा लागतो, नाहीतर दुखणं परत डोकं वर काढतं.

चार आठवड्यांत फरक नाही पडला, खपल्या चंदेरी आणि जाड होऊन केसांच्या रेषेबाहेर किंवा कोपर-गुडघ्यांवर दिसू लागल्या (सोरायसिस असू शकतो), पू आला किंवा केस जागोजागी तुटू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जा.