ऑफर लेटर हातात आलं म्हणजे

माँक्टन, न्यू ब्रन्सविक, कॅनडा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

न्यू ब्रन्सविकमधल्या एका रेस्टॉरंटने तुला कुकची ऑफर दिली आणि अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राममधून (कॅनडाच्या पूर्वेकडच्या प्रांतांत कामगार आणायची योजना) तू पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, अर्ज करणार, हे परवा तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. पण 'मधल्या माणसाला सहा लाख द्यायचे आहेत' असं ती म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

ते पैसे देऊ नकोस. नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं इथे बेकायदा आहे. कागदपत्रांसाठी कुणाची मदत घ्यायची तर जरूर घे, तिची फी वेगळी. पण तो कन्सल्टंट कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या परवाना देणाऱ्या संस्थेच्या यादीत आहे ना, ते स्वतः बघ. मालकाचं नावही प्रांताच्या 'डेझिग्नेटेड', म्हणजे मान्यता दिलेल्या, मालकांच्या यादीत असायला हवं, कारण या मार्गाने फक्त तेच मालक माणूस आणू शकतात. दोन्ही याद्या इंटरनेटवर आहेत.

आता ऑफर नीट वाच. इथे कामांना कौशल्याप्रमाणे टीअर 0 ते 5 अशा पायऱ्या असतात, 5 सगळ्यात खालची. कुकचं काम टीअर 3 मध्ये येतं, ते चालतं. किचन हेल्परचं काम टीअर 5 मध्ये येतं, आणि या प्रोग्राममध्ये टीअर 4 च्या खालचं काम धरतच नाहीत. म्हणून काही ठिकाणी कागदावर कुक लिहितात आणि माणसाला भांडी घासायला उभं करतात. मालकाला थेट फोन लाव. स्वयंपाकघरात किती जण आहेत, मेन्यू काय आहे, माझी शिफ्ट कोणती, हे विचार. खरा मालक या प्रश्नांनी चिडत नाही. अर्जात खोटं निघालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि ते मालकाचं नाही, तुझं.

सगळ्यात जास्त वेळ अनुभवाच्या पत्राला दे. गेल्या पाच वर्षांत 1560 तासांचं काम दाखवावं लागतं, म्हणजे आठवड्याला तीस तास धरले तर एक वर्ष. मी हा प्रोग्राम पायलट, म्हणजे प्रायोगिक, होता तेव्हा आले. (2017 ला तो पायलट म्हणून सुरू झाला, 2022 पासून कायमचा झाला.) नर्सिंगचा अनुभव दाखवून इथल्या नर्सिंग होममध्ये एडची (मदतनीसाची) नोकरी घेतली होती, तशी सोय नर्सेसना आहे. नाशिकला ज्या हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं ड्युट्या केल्या, तिथून मला दोन ओळींचं पत्र मिळालं: 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले. वर्तणूक चांगली.' तास नाहीत, कामाचं वर्णन नाही, पगार नाही, तारखासुद्धा नाहीत. नवीन पत्रासाठी माझा भाऊ तीन महिने चकरा मारत होता. तू आजच मसुदा स्वतः टाईप कर: हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, रोजची कामं, पगार. मग तो लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घे. त्या हॉटेलात तुझे शेफ अजून आहेत, तोवरच हे काम उरक.

आणि नाव! आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि मध्ये वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. शिक्षणाचं मूल्यांकन करायला देण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळव. फरक निघाला तर ॲफिडेव्हिट करून ठेव. इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा जनरल ट्रेनिंगची दे. तुझ्या कामाला सीएलबी 5 (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची पातळी) पुरतं, आणि निकाल दोन वर्षंच चालतो.

पुढचा क्रम असा की आधी सेटलमेंट प्लॅन, म्हणजे इथे आल्यावर कसं बस्तान बसवायचं त्याचा आराखडा, करायचा. तो मान्यताप्राप्त संस्था फुकट करून देते, भारतात बसूनही होतो. मग मालक प्रांताकडे एन्डॉर्समेंट, म्हणजे तुझ्या अर्जाला प्रांताची मंजुरी, मागतो. ते मिळालं की पीआरचा अर्ज तुझा तू करायचा. लवकर यायचं असेल तर प्रांताच्या रेफरल लेटरवर (शिफारसपत्रावर) वर्क परमिट मिळू शकतं, पण मग पीआरचा अर्ज 90 दिवसांच्या आत करण्याचं बंधन येतं. शिवाय ते परमिट त्याच मालकाशी बांधलेलं असतं. मधेच नोकरी सुटली तर नवी ऑफर, नवं एन्डॉर्समेंट, सगळं पहिल्यापासून. म्हणून म्हणते, मालक कसा आहे ते आधी कळायला हवं.

सेटलमेंट प्लॅनच्या मुलाखतीत घराबद्दल विचारतील, थंडीच्या कपड्यांबद्दल विचारतील. उरकायचं म्हणून उत्तरं देऊ नकोस. इथे जानेवारीत सकाळी सातला अंधार असतो आणि गाडीवरचं बर्फ खरवडल्याशिवाय निघता येत नाही. गाव लहान असेल तर बसही नसेल, मग रात्रीच्या शिफ्टनंतर घरी कसा जाणार, हे आधीच विचारून घे.

ऑफर लेटरचा फोटो मला पाठव, सगळी पानं. रविवारी फोन कर. इथले सकाळचे दहा म्हणजे सध्या तुझ्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. आईलाही शेजारी बसव, सहा लाखांचं मी तिच्याशी बोलते.

तुझी,
मावशी