अंगणात आलेला सुतार

प्रिय चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीला मागच्या अंगणातल्या मेपलवर टकटक करणारा पक्षी दाखवलास आणि आजी पटकन म्हणाली, "अगं, सुतार आलाय की तुमच्याकडे!" रात्री झोपताना तू विचारलंस, "आई, मराठीत पक्ष्यांना माणसांच्या कामांची नावं का असतात?" मी दमलेली होते, काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

सुतार एकटा नाही. शिंपी आहे, तांबट आहे, धोबी आहे, खाटीक आहे, कोतवालसुद्धा आहे. जवळजवळ अख्खं गावच. ही नावं ठेवणारी माणसं शेतात, पाणवठ्यावर, दिवसभर उघड्यावर असायची. पक्षी समोर असायचा, त्याचं काय चाललंय हे दिसत राहायचं. कीटक पकडून काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. अंगानं लहान असून घारीच्या मागे लागून तिला पिटाळतो तो कोतवाल, आणि लहान पक्षी खरंच त्याच्या झाडावर घरटी बांधतात, कारण तिथे राखण फुकट मिळते. तांबटाची 'टुक् टुक् टुक्' तर तू ऐकली आहेस, आजीच्या सोसायटीतल्या उंबरावर. तांब्याच्या भांड्यावर हातोडी एका लयीत पडावी, तसा तो आवाज. इंग्रजीतही त्याला कॉपरस्मिथच म्हणतात. कान देऊन ऐकणाऱ्या कुणालाही तेच ऐकू आलं.

शिंप्याची गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे. तुझ्या जन्माआधी आजीच्या गॅलरीत, रुंद पानांच्या एका कुंडीत त्याचं घरटं होतं. दोन पानं कडेला कड लावून शिवलेली. मी अगदी जवळून पाहिलं. पानाच्या कडेला चोचीनं पाडलेली बारीक भोकं, त्यातून ओवलेला कापसाचा आणि कोळिष्टकाचा धागा. गाठ कुठेच नाही! भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक फुलतं, त्याचा छोटा गोंडा होतो आणि तोच धाग्याला मागे सरकू देत नाही. आजीनं महिनाभर त्या बाजूला कपडे वाळत घातले नाहीत. पाणी वाटीनं घालायची, पानाला धक्का लागू न देता. मला विचारशील तर निसर्गसंवर्धन हा जड शब्द मी तिथे शिकले.

नावं ठेवण्यात कधी चूकही झाली. सुगरण म्हणजे स्वयंपाकपाण्यात, घरकामात हुशार बाई. पण खोपा विणतो तो नर. माझ्या आजोळी विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात असे पंधरा-वीस खोपे लोंबायचे. पिवळा झालेला नर अर्धा खोपा विणून पंख फडफडवत बोलवायचा, मादी येऊन आतबाहेर बघायची, पसंत पडलं तर ठीक, नाहीतर उडून जायची. नापसंत खोपे तसेच अर्धवट वाऱ्यावर हलत राहायचे.

आता आपल्याकडची जी रीत मला आवडत नाही, तीही सांगते. रात्री टिटवी ओरडली की वाईट बातमी येणार, असं म्हणतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. जवळ कुत्रं किंवा माणूस आलं की ती जिवाच्या आकांतानं ओरडते, एवढंच ते आहे. घुबड अशुभ म्हणून त्याला दगड मारतात, जादूटोण्यासाठी पकडतात. शेतातले उंदीर खाणारा पक्षी तो! आणि गिधाड ही तर शिवीच. कुणाच्या संकटावर टपून बसलेल्या माणसाला आपण गिधाड म्हणतो.

खरं तर गावातलं सगळ्यात मोठं काम गिधाडं करायची. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की थवा उतरायचा आणि थोड्याच वेळात हाडं उरायची. रोगराई नाही, दुर्गंधी नाही. माझ्या लहानपणी आकाशात ती घिरट्या घालताना दिसायची. 1990 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ती देशभरातून जवळजवळ नाहीशी झाली. कारण सापडायला वेळ लागला: गुरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून द्यायचे ते डायक्लोफेनॅक. ते औषध अंगात असलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडायचे. 2006 मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं, 2023 मध्ये आणखी दोन औषधांवर बंदी आली. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेले थवे लवकर परत येत नाहीत.

मला याचं फार वाईट वाटतं, चिऊ. शिंप्याचा टाका निरखणारी आपली माणसं गिधाडाकडे मात्र किळस न करता कधी बघूच शकली नाहीत. गिधाडं आकाशातून नाहीशी झाली तेव्हा कितीतरी जणांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. कॉलेजच्या सुट्टीत आजोळी गेले आणि मामांनी वर बघून विचारलं, "हल्ली गिधाडं कुठं गेली गं?" तेव्हा कळलं.

आता एक काम तुझ्यासाठी. पाऊस पडून गेला की आपल्या हिरवळीवर तो लालसर छातीचा रॉबिन येतो. चार पावलं पळतो, थांबतो, मान तिरकी करतो आणि ओल्या मातीतून गांडूळ ओढून काढतो. त्याला आपल्या घरात अजून मराठी नाव नाही. शनिवारी आजीचा फोन येईल, तोवर त्याला नीट बघून ठेव. मग तू आणि आजी मिळून ठरवा, त्याचं काम कोणतं ते.

तुझी,
आई