जुनं बोट-इंजिन घेताय? आधी ड्रम भरा

भाऊ, डोंग्याला लावायला जुनं टू-स्ट्रोक इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून लगेच पैसे काढू नका. रंगाकडे तर बघूच नका. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, आत पाणी शिरतंय. मग भाव पाडा, नाहीतर सोडा.

मालक म्हणेल, "दोरी ओढून दाखवतो." कोरडं सुरू करू देऊ नका. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) कोरडा फिरला की जळतो. माझं पहिलं इंजिन मी ऐन मे महिन्यात, नागपुरातल्या अंगणात दोन मिनिटं असंच फिरवलं. नंतर पंप खोलला तर पात्यांचे तुकडे हातात आले. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून खालचा भाग बुडवा. सुरू झालं की बारीक छिद्रातून पाण्याची धार यायला हवी.

सुरूच होत नसेल तर स्पार्क प्लग काढून, त्याची वायर लावून इंजिनच्या धातूला टेकवा, दोरी ओढा. (जवळपास पेट्रोल सांडलेलं नको.) ठिणगी चांगली असेल तर दोष बहुधा पेट्रोलचा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? माझा बंद होता, त्यापायी मी अर्धा दिवस कार्ब्युरेटर खोलत बसलो होतो! कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) खरंच तुंबला असेल तर जुन्या चेतक स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री गाठा.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, पण बरीच जुनी इंजिनं जास्त मागतात, पुस्तिका पाहा. आणि खिंडसी तलावावर जाताना वल्हं घ्याच.