राणीची रात्रपाळी

प्रिय ताई,

महिन्यापूर्वी आमच्याकडे मोठा भूकंप झाला. मध्यरात्र उलटून गेली होती. मी मुलाला उचललं, नवऱ्याने सासूबाईंना धरलं, आमची कुत्री राणी पायात घोटाळत मागून आली आणि आम्ही दोन जिने उतरून खाली आलो. आमचा बोका गुंड्या वरच राहिला. तीन दिवस इमारतीत कुणाला जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी तो फ्रिजमागे सापडला, जिवंत. पण तेव्हापासून माझ्याकडे येत नाही. कपाटाखाली बसतो, हात घातला की फिस्कारतो. कालपासून तर सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो आणि काही न करताच बाहेर येतो. फारच रुसलाय.

त्यानंतरचे दोन धक्के बसायच्या आधी राणी उठून उभी राहिली होती. म्हणून आता रात्री ती उठली की मी ओरडते आणि आम्ही सगळे खाली पळतो. मुलाने वहीत हिशेब ठेवलाय: ३१ वेळा पळालो, ४ वेळा खरंच हललं. इंजिनिअरांनी इमारत तपासून राहायला हरकत नाही असं सांगितलंय, तरी घरात कुणी धड झोपत नाही. राणी तर हल्ली बसल्याजागी थरथरते. तिला जवळ घेऊ नका, भीती वाढेल, असं एकाने सांगितलं. नणंद म्हणते, लोकांची घरं गेली आणि तुमचं कुत्र्यामांजराचं काय चाललंय! मलाही लाज वाटते. पण मी गुंड्याला टाकून पळाले, हे डोक्यातून जात नाही.

– जागी

प्रिय जागी,

बाकीचं नंतर वाचा. आधी गुंड्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. आजच, हे वाचताय तेव्हा रात्र असेल तर रात्रीच.

बोका सारखा ट्रेमध्ये बसतो आणि लघवी होत नाही, याला रुसवा म्हणत नाहीत. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. ताणाने मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्यांमध्ये कधी चिकट स्राव, कधी बारीक खडे त्या नळीत अडकून बसतात. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वेळेत नेलं तर डॉक्टर नळी मोकळी करतात. जाताना घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आलात जाऊन? आता बसा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त दया कुणाची आली असेल, तर राणीची. तुमच्या घरात पाच जीवांचा पहारा तिच्यावर पडला आहे आणि तिला ते कुणी सांगितलेलंसुद्धा नाही. ती पाणी प्यायला उठते, कान खाजवायला उठते, कूस बदलायला उठते. तेवढ्यात तुम्ही ओरडता, दिवे लागतात, मूल रडतं, दारात चपलांचा गोंधळ होतो, जिन्यात धावाधाव. तिच्या बाजूने बघा: ‘मी नुसती उभी राहिले आणि माझं सगळं घर वेडंपिसं झालं. म्हणजे काहीतरी भयंकर आहे खरं.’ तुम्ही तिच्याकडे बघून घाबरता, ती तुमच्याकडे बघून घाबरते. या घरात आता धक्का बसायला जमीन हलावीच लागते असं राहिलेलं नाही.

मुलाच्या वहीचं मला फार कौतुक वाटलं. त्याला त्यात आणखी एक रकाना आखायला सांगा: जमीन हलली पण राणी झोपून होती. तो रकाना वहीत नाही, कारण तेव्हा कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. भूकंपमापन केंद्रं प्रत्येक लहानमोठ्या धक्क्याची वेळ जाहीर करतात. दिवसाढवळ्या ती यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवा. आमच्याकडे एक कुत्री होती, शेजाऱ्यांची बेल वाजली तरी छपराला भिडेल असं भुंकणारी. भांडी वाजवणाऱ्या भूकंपात ती घोरत होती. आम्ही तिला उठवलं, तर आमच्यावरच गुरगुरली.

राणी त्या दोन वेळी आधी उठली हे मी खोटं ठरवत नाही. भूकंपाच्या केंद्रातून आधी निघतात त्या प्राथमिक लहरी. त्या कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येतात आणि माणसाला बहुतेक वेळा जाणवतही नाहीत. घर हलवणाऱ्या दुय्यम लहरी साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात. कुत्र्याला पहिल्या लहरी जाणवत असाव्यात. पण हिशेब करा: केंद्र ४० किलोमीटरवर असेल, तर दोन्हींमध्ये अंतर पडतं सुमारे ५ सेकंदांचं. केंद्र जवळ असेल तर त्याहून कमी. पाच सेकंदांत सासूबाईंना घेऊन दोन जिने उतरता येतात का? तुम्ही बरोबर जिन्याच्या मध्यावर असताना जोराचा धक्का बसेल, आणि हलत्या जिन्यावर माणसं पडतात. पाच सेकंद पुरतात ते फक्त मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायला. म्हणजे राणीची सूचना शंभर टक्के खरी मानली, तरी तुम्ही तिचा जो उपयोग करताय तो चुकीचाच आहे.

दिवस दिवस आधी कळण्याची गोष्ट वेगळी. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंगला भूकंप झाला. त्याआधी लोकांना घराबाहेर काढलं होतं, आणि भर थंडीत साप बिळाबाहेर आल्याची गोष्ट तेव्हापासून जगभर सांगितली जाते. मात्र तिथे आधी लहान धक्क्यांची मोठी मालिका झाली होती, आणि ती माणसांनाही जाणवत होती. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ च्या पहाटे, त्याच देशात तांगशान झोपेत असताना उद्ध्वस्त झालं. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. कुत्री-मांजरं तांगशानमध्येही होती.

तेव्हा राणीची रात्रपाळी आजपासून बंद. तिची जागा दारापासून हलवा आणि टेबलाजवळ न्या. चारही जण तिच्यावर नजर ठेवून पडलेले असतात तेही थांबवा. जागं राहिल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर नवरा-बायकोने पाळ्या लावा. एकाने जागायचं आणि बाकीच्यांनी खरोखर झोपायचं. काही दिवसांत ज्याची पाळी आहे तोही पेंगायला लागेल. लागू दे.

ती उठली की कुणी ओरडायचं नाही. ज्याला जाग येईल त्याने नेहमीच्या आवाजात एकच शब्द म्हणायचा, समजा ‘घर’, आणि तिच्या आवडीचा तुकडा टेबलाखाली टाकायचा. ही तालीम दिवसा करा, जमीन स्थिर असताना, दोन-दोन मिनिटं, मुलाच्या हातून. आठवड्याभरात ‘घर’ म्हटलं की ती टेबलाखाली जाऊन बसेल. मग खरंच हललं तर तुम्हीही तिथेच जायचंय. हलणं थांबल्यावर तिला पट्टा लावायचा आणि मगच दार उघडायचं. पट्टा दाराच्या खिळ्यालाच टांगलेला हवा. सात वर्षं पायाशी राहिलेला कुत्राही त्या क्षणी वाट फुटेल तिकडे पळतो. आणि सकाळी बाहेर नेताना रस्त्यावर काचा आहेत का ते आधी तुम्ही बघा. तिच्या पायात चपला नसतात.

जवळ घेऊ नका म्हणणाऱ्याचं ऐकू नका. थरथरणं ही काही लाडाने लागलेली खोड नव्हे, जवळ घेतल्याने भीतीला बक्षीस मिळत नाही. ती येऊन चिकटली तर हात ठेवा, छातीवर, सावकाश. ती लांब जाऊन बसली तर बसू द्या. आणखी दोन आठवड्यांनीही खाणं कमी असेल, थरथर थांबत नसेल, तर डॉक्टरांना औषध विचारा. विचारताना ‘हिला गुंगी येईल असं काहीतरी द्या’ म्हणू नका, ‘हिची भीती कमी व्हायला हवी’ असं म्हणा. काही औषधांनी अंग गळून जातं आणि भीती आत तशीच राहते.

धक्के कधी थांबणार, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण सगळं पत्र तेच विचारतंय. फुसाकिची ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दाखवून दिलं की मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्यांची संख्या दिवस जातील तशी घटत जाते. ढोबळ मानाने, पहिल्या दिवशी होतात त्याच्या दहावा हिस्सा दहाव्या दिवशी. तुम्ही महिना पार केलाय. मात्र संख्या घटते म्हणजे मोठा धक्का येणारच नाही, असं नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला आणि १७ दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ चा. म्हणून तालीम करायची, आणि म्हणूनच झोपायचंही. झोप न झालेला माणूस टेबल सोडून जिन्याकडे धावतो.

आता गुंड्या. तुम्ही त्याला टाकून पळाला नाहीत. तुम्ही त्याला शोधायला थांबला असतात, तर तो फ्रिजमागून तुमच्या हाती लागलाच नसता. घाबरलेलं मांजर मालकालाही ओरबाडतं आणि आणखी आत शिरतं. अंधारात, हलत्या घरात, फ्रिजजवळ वाकलेली तुम्ही आणि जिन्यात तुमची वाट बघत उभं असलेलं मूल. हे चित्र एकदा नीट डोळ्यांसमोर आणा आणि मग स्वतःला काय म्हणायचंय ते म्हणा. मुलाचा हात आधी, हे बरोबर होतं. पुन्हा वेळ आली तरी तेच करायचं.

आणि तो तुमच्यावर डूख धरून बसलेला नाही. मांजर घर ओळखतं वासाने. गाल घासून घासून त्याने कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं असतं. भूकंपाने सामान इकडचं तिकडे झालं, आणि माझी खात्री आहे की मग तुम्ही सगळं घर फिनाईलने धुऊन काढलंत. त्याची पाटी पुसली गेली. शिवाय फिनॉल जातीची जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, पाय चाटताना ती पोटात जातात. ती बाटली बंद करा, साधं साबणाचं पाणी पुरे. त्याच्या अंगाखालचं न धुतलेलं फडकं, तुमचा घातलेला जुना कुर्ता, असं काहीबाही कपाटाजवळ ठेवा. हात मात्र आत घालू नका. रोज ठरल्या वेळी त्या कपाटापाशी पाठ करून जमिनीवर बसा, काहीतरी वाचा, पुटपुटा. पाठ करून, कारण डोळ्यांत रोखून बघणं ही मांजराच्या भाषेत धमकी आहे. खातोय की नाही याकडे मात्र लक्ष हवं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढून आजार जिवावर बेततो. चौथ्या दिवशी सापडलेल्या बोक्याची ती तपासणीही डॉक्टरांना सांगून करून घ्या.

त्याची लपायची हौस मोडू नका, फक्त जागा तुमच्या सोयीची करा. फ्रिजमागची, कपाटाखालची फट फळीने बंद करायची, तो बाहेर असताना. त्याच सुमाराला त्याचा नेण्याचा पिंजरा माळ्यावरून काढून कोपऱ्यात उघडा ठेवायचा, वर चादर टाकून, आत ते फडकं. तो तिथे झोपू लागला की पुढच्या वेळी दार लावायचं आणि उचलायचं, एवढंच काम उरेल. पिंजरा फक्त डॉक्टरकडे जाताना निघत असेल तर कुठलंच मांजर त्यात पाय ठेवणार नाही.

तरी कधी निसटलाच, तर गावभर फिरू नका. हरवलेल्या मांजरांवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात, सापडलेल्यांपैकी पाऊण हिस्सा सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. रात्री सगळं शांत झाल्यावर टॉर्च घेऊन गाड्यांखाली, जिन्याखाली, झुडपात बघा. डोळे चमकतात. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा किंवा चिपशी जोडलेला फोन नंबर जुना तर नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

नणंदबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनीही महिनाभर वाईटच बघितलं असेल. एवढंच सांगा की ही माणसांच्याच जिवाची गोष्ट आहे. प्राणी मागे राहिले की लोक घर सोडत नाहीत, किंवा सोडलेल्या घरात परत शिरतात. कतरिना वादळात हे घडल्यावर अमेरिकेने २००६ मध्ये कायदाच केला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या लोकांना वाटलं दोन दिवसांत परत येऊ, म्हणून त्यांनी प्राणी घरीच ठेवले. २०१३ मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने सूचना काढली: घर सोडताना प्राण्यांना बरोबर घेऊन निघा. तेही नाही पटलं तर विषय बदला. नणंद आहे, न्यायाधीश नव्हे.

गुंड्याला लघवी झाली का, तेवढं मात्र आजच कळवा.

– तुमची ताई