त्याने फ्लश का केला नाही

पत्र:

ताई, माझं वय ४३, नवरा ४८, लग्नाला १७ वर्षं झाली. गेलं दीड वर्ष तो डायपर घालतो, आधी फक्त रात्री घालायचा, आता दिवसाही. मला म्हणाला होता लघवीवरचा कंट्रोल गेलाय. मी विश्वास ठेवला, चादरी धुतल्या, वास सहन केला, कुठे जायचं असलं की आधी त्याची बॅग भरली. गेल्या महिन्यात त्याच्या मोबाइलमध्ये नोंदी सापडल्या. ‘दिवस ६१. कळ आली, अडवली नाही.’ ‘दिवस ११४. बसल्या बसल्या झाली, कळलंच नाही.’ म्हणजे हे सगळं मुद्दाम! विचारलं तर शांतपणे म्हणतो, हो, मी ठरवून सोडलं, आता बरं वाटतं, मला मागे जायचं नाही. आधीपासूनच त्याचं बाथरूमचं काहीतरी असायचंच म्हणा, रात्री चार-पाचदा उठायचा, माझी झोप मोडायची, मी जाम चिडायचे, आणि त्यातही अस्वच्छपणा असा की रात्री फ्लशच करायचा नाही, सकाळी मला करावा लागायचा. आता निदान उठत तरी नाही. पण दीड वर्ष मला फसवलं ना त्याने? हा वेडेपणा नाही तर काय? त्याच्या मोठ्या भावाला सांगू, की सरळ वेगळी होऊ?

फसवली गेलेली

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फ्लशपाशी अडले. तू ते अर्ध्या ओळीत लिहून पुढे निघून गेलीस, वर त्याला अस्वच्छ ठरवलंस. १७ वर्षं ज्याच्याशेजारी झोपतेस तो दिवसा फ्लश करतो ना? मग रात्रीच का नाही करायचा? तू उठू नयेस म्हणून, दुसरं काय. चार-पाचदा उठणारा माणूस, प्रत्येक वेळी लाइट न लावता भिंत चाचपत गेला असणार, दाराची कडी हळू दाबली असणार, आणि शेवटी पाण्याचा आवाज होईल म्हणून तसाच परत येऊन पांघरुणात शिरला असणार, आणि सकाळी उठून काय ऐकलं, तर तू घाणेरडा आहेस.

तुझ्यावर अन्याय झालाय हे मला दिसतंय. खोटं बोलला तो, ते खोटंच. पण मी आज त्यावर बोलणार नाहीये, कारण फसवलं-फसवलं करत तू बसशील आणि तेवढ्यात जे बघायला हवं ते राहून जाईल.

४८ वर्षांचा माणूस रात्री चार-पाचदा लघवीला उठतो, याला सवय म्हणत नाहीत गं. एखाद्या वेळी उठणं ठीक. रोज दोनदा, तीनदा उठावं लागत असेल तर विचारायला हवं, आणि इथे चार-पाचदा, ते पण कितीतरी काळ. या वयात प्रोस्टेट ग्रंथी वाढायला लागलेली असू शकते, त्याने धार बारीक होते आणि लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. शुगर वाढलेली असू शकते. पिशवीच अतिचपळ असू शकते, म्हणजे थोडं भरलं तरी ती आवळते आणि कळ थांबत नाही. संध्याकाळी पाय सुजत असतील तर ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. आणि एक कारण तर लोकांच्या डोक्यातच येत नाही, घोरणं. झोपेत श्वास अडकतो त्या आजारात हृदयावर ताण येतो, शरीर जास्त लघवी तयार करतं, माणूस म्हणतो मला लघवीने जाग आली आणि खरी जाग श्वासाने आलेली असते. घोरतो का तो? हे तूच सांगू शकशील, त्याला स्वतःला कसं माहीत असणार.

यातलं त्याला नेमकं काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि तूही घरात बसून ठरवू नकोस. पण ‘आता निदान उठत तरी नाही’ हे जे तुला बरं वाटलंय ना, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. उठणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं असं नाही, ते फक्त डायपरमध्ये जायला लागलं.

आता त्याच्या ‘ठरवून सोडलं’ बद्दल. असं मुद्दाम करणारी माणसं असतात, कुणाला त्यात सुरक्षित वाटतं, कुणाचा ताण उतरतो, कुणाला आणखी काही. त्यात वेड लागलेलं नसतं, आणि ज्याने त्याने स्वतःच्या शरीराचं काय करावं यावर मी कुणाला धारेवर धरत नाही. पण नियंत्रण ‘विसरणं’ वाटतं तितकं सोपं नाहीये. लहानपणी आपण काय शिकतो, तर पिशवी भरली की आपोआप रिकामी व्हायचा जो झटका असतो तो मेंदूने थोपवून धरायचा आणि खालचा स्नायू आवळून ठेवायचा. मोठा माणूस महिनोन्‌महिने कळ आली की सोडून द्यायला लागला तर थोपवायची सवय ढिली पडते, पिशवीला कमी साठवायची सवय लागते, खालचे स्नायू कमजोर होतात, हे सगळं खरं. पण गाढ झोपेत रोज व्हायला लागणं, किंवा दिवसा झाली तरी कळलंच नाही, हे नुसत्या निश्चयाने होणं अवघड. झोपलेला माणूस काही ठरवत नसतो. मोठ्या माणसाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं तर ते तपासायचंच असतं, मग तो काहीही म्हणो.

म्हणून तो दिवस ११४ परत वाच. तुला त्यात फसवणूक दिसली. मला तिथे असा माणूस दिसतो ज्याच्या हातून काहीतरी सुटत चाललं होतं आणि सुटलं म्हणायची लाज वाटली, म्हणून त्याने ‘सोडलं’ म्हटलं. सोडणाऱ्याला निदान मान असतो. रोज रात्री बायकोचं कुरकुरणं ऐकायचं, ऑफिसात मीटिंगमधून उठायचं, प्रवासात आधी बाथरूम कुठे आहे ते शोधायचं, या सगळ्याने थकलेला माणूस एक दिवस ठरवतो की आता लढायचंच नाही, आणि मग दिवस मोजत बसतो, कारण मोजलं की ते आपणच करतोय असं वाटतं. मी चुकत असेन. पण मी चुकतेय हे सोनोग्राफीने सिद्ध व्हावं, तुझ्या रागाने नाही.

कारण एक शक्यता अशी आहे की तिची मला खरंच भीती वाटते. पिशवी नीट रिकामीच होत नसेल तर ती कायम भरलेली राहते आणि वरून सांडते, थेंब थेंब, सतत, न कळता. माणसाला वाटतं कंट्रोल गेला, खरं तर लघवी तुंबलेली असते. तुंबलेल्या लघवीचा दाब वर किडनीपर्यंत जातो, बरेचदा दुखत नाही, काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हे बघायची तपासणी किती साधी आहे सांगू? लघवी करून यायचं आणि पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून आत किती उरली ते मोजायचं. ५० मिलीच्या आत उरली तर पिशवी नीट रिकामी होतेय, २०० च्या वर उरली तर होत नाहीये. टोचणं नाही, कापणं नाही, थोडा वेळ लागतो बस. त्याबरोबर लघवीची, शुगरची आणि किडनीची तपासणी. पण लघवीतून रक्त आलं, लघवी अजिबातच होईना, शौचावरचा ताबा जायला लागला किंवा मांड्यांच्या मधे बधिर वाटून पायातलं बळ गेलं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत.

तोवर डायपर आहेच तर तो नीट वापरा. वास येतो म्हणतेस, मला वाटतं तो पाणी कमी पीत असेल, बहुतेक सगळे तेच करतात. पाणी कमी झालं की लघवी घट्ट आणि उग्र होते, पिशवीला आणखी टोचते, वर बद्धकोष्ठता होते आणि तिने गळणं अजून वाढतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर, झोपायच्या आधीचे दोन तास कमी, कॅफीन दुपारनंतर बंद. ओला डायपर अंगावर ठेवून झोपू नये. लघवीचा अमोनिया होतो, कातडी लाल होते, सोलवटते, जांघेत बुरशी धरते. बदलताना चोळायचं नाही, हलक्या साबणाने धुवून टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साइडचं क्रीम अगदी पातळ थर लावायचं, जाड थापलं तर पॅडला क्रीमच लागतं आणि ते शोषत नाही. आणि हे त्याचं तो करेल. चादर पण तोच बदलेल. तू दीड वर्ष न विचारता सगळं उरकत आलीस, त्यात माया होती हे मला कळतं, पण त्यामुळे तुम्ही दोघं एकदाही याबद्दल बोलला नाहीत.

भावाला सांगायचं नाही. अजिबात नाही. ज्या माणसाने फ्लशचा आवाजसुद्धा तुझ्यापर्यंत येऊ दिला नाही त्याची ही गोष्ट तू घरच्यांसमोर ठेवलीस तर तो तुझ्याशी आयुष्यात परत खरं बोलणार नाही. वेगळं व्हायचं की नाही ते पण आत्ता ठरवू नकोस. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आलं आणि तरी तो म्हणाला मला असंच जगायचंय, तर तो त्याचा निर्णय, आणि त्याच्याबरोबर राहायचं की नाही हा तुझा. तेव्हा मला लिही, मी तुला थांब म्हणणार नाही. आणि त्याला परत यायचं असेल तर वाट आहे. पिशवीला पुन्हा शिकवता येतं, दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत निदान सहा आठवडे, खालच्या स्नायूंचा व्यायाम रोज तीनदा, तीनेक महिने. पण आत किती तुंबतंय हे कळल्याशिवाय अडवून धरायचा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही.

तुला करायचंय ते एकच. या आठवड्यात यूरोलॉजिस्टकडे त्याच्याबरोबर जायचं, आत जायचं, बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचं नाही. तो डॉक्टरांना सांगेल मी मुद्दाम केलंय, किंवा सांगणारच नाही, मान खाली घालून बसेल. मग तू बोलायचंस. डायपरच्या आधी हे रात्री चार-पाचदा उठायचे, किती वर्षं उठायचे, धारेला वेळ लागायचा का, घोरतात का, हे सगळं तुला माहितीये कारण प्रत्येक वेळी तू जागी होतीस. त्या रात्रींचा दुसरा साक्षीदार नाहीये.

आणि येईल का तो? त्याला आज रात्री झोपताना सांग की ते फ्लशचं मला आत्ता कळलं. आणखी काही बोलू नकोस, मोबाइलमधल्या नोंदी काढू नकोस, उत्तराची वाट बघत बसू नकोस. बाथरूमचा लाइट चालू ठेव आणि झोप.

तुझी,
ताई